टीटी खाली घ्यायची का? साताऱ्यातल्या एका गाडीचे प्रकरण

गाडी २०१६ ची ऑडी टीटी, ४५ टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा ड्युअल क्लच. मालकांचे साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीन शॉप आहे. गाडी सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ६४ हजार किलोमीटर. रोज घर ते एमआयडीसी, आठवड्यातून एखाददोनदा पुणे आणि रविवारी पहाटे यवतेश्वर घाटाने कास, नाहीतर वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, असा वापर. ट्रॅकवर कधीच न्यायची नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले. निम्मा वाद तिथेच मिटला.

ते गॅरेजात आले तेव्हा हातात पुण्यातल्या एका दुकानाचे कोटेशन होते. गाडी ३५ मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा, किंवा जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर कोइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप. सोबत कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) नसलेला डाउनपाइप (टर्बोमागचा पहिला पाइप), त्यामागे अख्खा नवा एक्झॉस्ट आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे रीमॅप. एकूण आकडा साडेचार लाखांच्या घरात. कोटेशन व्यवस्थित टाइप केलेले होते. फक्त गाडीला काय होतेय, याची त्यात एक ओळही नव्हती.

म्हणून तक्रार त्यांच्याच तोंडून ऐकली. "घाटात ब्रेक मारून वळवली की नाक आधी खाली जातं, मग गाडी वळते. मागचं अंग जरा उशिरानं येतं. हायवेला पुलाचे जोड लागले की दोनदा हेलकावा. आणि आवाजच नाही हो गाडीला, स्पोर्ट्स कार घेतलीय असं वाटतच नाही."

यातल्या पहिल्या तीन तक्रारी सस्पेन्शनच्या होत्या आणि त्यांतल्या एकीचाही गाडीच्या उंचीशी संबंध नव्हता. चौथी मनाची होती. तीही खरीच म्हणायची, पण तिचा हिशेब वेगळा करावा लागतो.

रॅम्पवर काय दिसले

आधी टायर पाहिले. माप २४५/४० आर १८. नक्षी भरपूर शिल्लक, त्यामुळे मालकांना टायर उत्तम वाटत होते. पण मागच्या जोडीच्या बाजूवर चार आकडे होते, १४१८. म्हणजे २०१८ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. नखाने दाबून पाहिले तर रबर कडक, खाचांच्या तळाशी बारीक चिरा. पुढची जोडी वेगळ्या कंपनीची आणि आतल्या कडेने जास्त झिजलेली. क्वाट्रो गाडीला पुढे एक आणि मागे एक, अशा दोन स्वभावांचे टायर घालून घाटात पाठवायचे आणि मग दोष स्प्रिंगांना द्यायचा, हे अनेक गाड्यांचे होते.

पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, मागचे बुश (रबरी सांधा) तडकलेले होते. पट्टी घालून आर्म हलवला की रबर फाकून आत फट दिसायची. ब्रेक मारल्यावर चाक किंचित मागे सरकायचे ते इथेच, आणि नाक 'आधी जाते' असे वाटण्यात याचा वाटा मोठा. पुढच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओला थर, त्यावर धूळ चिकटून काळी झालेली. उजवा कोरडा होता, पण हाताने दाबल्यावर त्याचाही दम गेलेला कळत होता. मागे सायलेन्सरच्या दोन रबरी हँगरांपैकी एक तुटला होता. तो निसटून पाइप उष्णतारोधक पत्र्याला टेकत होता. हा पत्रा पुढे आवाजाच्या भागात पुन्हा येईल.

मग एक स्वस्तातली चाचणी. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवला आणि दांड्याला केबल टाय घट्ट बसवला. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) खालच्या कडेपर्यंत मोकळा दांडा ४४ मिलिमीटर होता. मालकांना फक्त नेहमीच्या पद्धतीने कासला जाऊन यायला सांगितले. परत आल्यावर टाय ५१ मिलिमीटर वर सरकलेला सापडला. म्हणजे सगळी मोकळी जागा संपून बंप स्टॉपही सात मिलिमीटर चेपला होता. गाडी होती त्या उंचीवरच तळाला लागत होती. ती आणखी ३५ मिलिमीटर खाली घेतली असती तर मोकळी जागा उरली असती दहा मिलिमीटरच्या आसपास.

हा आकडा मालकांसमोर ठेवला. मशीन शॉपवाल्याला मिलिमीटरची भाषा समजावून सांगावी लागत नाही.

उंचीचा हिशेब

बंप स्टॉप म्हणजे फोमसारख्या पॉलियुरेथेनची छोटी स्प्रिंगच. सुरुवातीला मऊ, पुढे झपाट्याने कडक. वळणात बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक त्यावर जाऊन बसले की त्या कोपऱ्याची कडकपणाची पातळी एकदम उडी मारते, त्या टायरवर भार आदळतो आणि पुढची पकड सुटते. गाडी वळणाबाहेर सरळ जायला लागते. खाली घेतलेली गाडी सपाट डांबरावर छान वाटते आणि यवतेश्वरच्या अर्ध्या घाटात, जिथे पावसाळ्यानंतर कडेचे डांबर उचकटलेले असते, तिथे भांबावते, ती यामुळे.

दुसरी गोष्ट मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या रचनेची. टीटीला पुढे हाच प्रकार आहे. गाडी खाली आली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोन्हींमधले अंतर वाढते. अंतर वाढले की तेवढ्याच वळणात कलण्याचा जोर वाढतो. गाडी खाली घेतली म्हणजे कलणार नाही, ही समजूत म्हणून अर्धवट आहे. न कलण्याचे श्रेय बहुतेक वेळा सोबत आलेल्या कडक स्प्रिंगांचे असते.

आणि तिसरी, साताऱ्याची स्वतःची. स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल उंचवटा १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. टीटीच्या दोन आसांमधले अंतर २,५०५ मिलिमीटर. म्हणजे उंचवट्याचा माथा गाडीच्या मधोमध आला तरी चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखालची जागा कमी होते फक्त ४६ मिलिमीटर. असे स्पीडब्रेकर असतील तर खाली घेतलेली टीटीसुद्धा डौलात जाईल. पण गावागावांत जे असतात ते हातभर रुंद आणि उंची मात्र बारा-पंधरा सेंटिमीटर. ते दोन चाकांच्या मध्ये सापडले की पूर्ण उंची पोटाखालून वजा होते. या गाडीची दोन माणसे बसवून मोजलेली पोटाखालची जागा १२५ मिलिमीटर होती. मालकांच्या घरापासून एमआयडीसीपर्यंतच्या वाटेवर एक स्पीडब्रेकर आम्ही टेपने मोजला, तो ११५ भरला. आत्ताच गाडी तिरकी घालून काढावी लागते.

गॅरेजचे मिस्त्री चाळीस वर्षे गाड्यांखाली झोपलेले. त्यांनी कोटेशन वाचले नाही, नुसते पाहिले. "खाली घेतली की देखणी दिसंल, साहेब. पण उसाच्या सीझनला वाढे फाट्याकडनं येऊन दाखवा." गळीत सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, रस्त्यावर ऊस पडतो, कडा खचतात. त्यांचे वाक्य माझ्या सगळ्या गणितापेक्षा लवकर पटले.

स्प्रिंग नाही, शॉकअप

उंची सोडायची नाही हे ठरल्यावर प्रश्न उरला कडकपणाचा. उदाहरणादाखल पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेले वजन ३८० किलो आणि चाकापाशी कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन धरला, तर त्या कोपऱ्याची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे दणक्यानंतर तो सेकंदाला किती वेळा वरखाली होतो तो आकडा, येते १.३ च्या जवळ. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर १.५, दुप्पट केली तर १.८. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला दीडच्या आसपास चालते. १.८ च्या पुढे खराब रस्त्यावर टायर जमिनीवर टिकत नाही, उड्या मारतो, आणि हवेतला टायर ना वळवतो ना थांबवतो.

कंपनसंख्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते, शॉकअपची गरजही तशीच. ३० टक्के कडक स्प्रिंगला आधीइतकेच नियंत्रण हवे असेल तर सुमारे १४ टक्के जास्त दमदार शॉकअप लागतो. कोटेशनमधला पहिला पर्याय होता ६४ हजार किलोमीटर चाललेल्या, त्यातल्या एका तेल गळणाऱ्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा. हेलकावा वाढला असता, कमी झाला नसता.

कोइलओव्हर मी नाकारला तो वेगळ्या कारणाने. उंची बदलता येणे हा त्याचा गुण, आणि इथे उंची बदलायचीच नव्हती. वापरायचा नाही त्या गुणासाठी पैसे मोजायचे, वर आटे असलेल्या नळीवर लाल चिखल आणि पाणी बसून दोन पावसाळ्यांत उंची बदलायच्या रिंगा जाम. स्टेनलेस नळीचे चांगले कोइलओव्हर मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मालकांनीच विषय बदलला.

उरले कंपनीच्याच स्प्रिंगांवर चांगले शॉकअप. बिलस्टाइनमध्ये बी ६ आणि बी ८ यांत नेहमी घोटाळा होतो. बी ८ चा दांडा आखूड, तो खाली घेतलेल्या गाडीसाठी. बी ६ मूळ लांबीचा, कंपनीच्या उंचीसाठी. इथे बी ६ च हवा होता. कोनीचा विचारही झाला होता, पण बी ६ मोनोट्यूब आहे. एकाच नळीत तेल, तरंगता पिस्टन आणि त्यामागे दाबाखालचा वायू. घाटात सतत चालून तेल तापले तरी त्यात फेस धरत नाही. शिवाय त्याचा पुढचा स्ट्रट उलटा बसवलेला असतो, जाड नळीच वरखाली सरकते, त्यामुळे वळणातला आडवा जोर तो न वाकता घेतो. या गाडीत मॅग्नेटिक राइड (विजेने कडकपणा बदलणारे शॉकअप) नव्हते, नाहीतर हा रस्ता इतका सरळ राहिला नसता.

ऑर्डर देण्याआधी व्हर्नियर लावला. ही टीटी ज्या एमक्यूबी पायावर आहे, त्यावरच्या गाड्यांत स्ट्रट पकडणाऱ्या नकलचे (चाक धरणारा भाग) भोक ५० किंवा ५५ मिलिमीटर, दोन मापांचे असते. दुकानदार मॉडेल विचारतो, भोक विचारत नाही. आणि बाहेरून मागवलेला माल परत जात नाही.

बुश रबराचेच घेतले. पॉलियुरेथेनचे टिकाऊ असतात, पण ते रस्त्याची प्रत्येक खडखड आत आणतात आणि ग्रीस सुकले की कुरकुरतात. सोबत वरची माउंटिंगे, त्यांची बेअरिंगे आणि नवे बोल्ट घेतले, कारण या गाड्यांत कितीतरी बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंशात ताणून बसवायचे असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात.

बसवताना एका गोष्टीवर मी अडून बसलो. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. तशा स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पीळ पडलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. मिस्त्रींनी आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणले, चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचे अंतर आधी खडूने लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळवले आणि मग पान्याला जोर दिला. दहा मिनिटांचे जास्तीचे काम. बहुतेक गॅरेजांत ही दहा मिनिटे वाचवली जातात.

एक्झॉस्टचे काय

इथे मालकांशी माझे एकमत झाले नाही, आणि पूर्ण अजूनही नाही.

या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा जळका वायू एकत्र करणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, त्यामुळे हेडर बदलण्याचा जुना खेळ इथे नाही. हेडमधून निघालेला वायू थेट टर्बोत जातो, टर्बोच्या मागे डाउनपाइप आणि त्यातच कॅटलिस्ट. टर्बो गाडीत टर्बाइनच्या मागचा दाब कमी केला की टर्बो लवकर फिरतो, हे खरे आहे. म्हणजे ताकद मिळाली तर डाउनपाइपमधून मिळते. कॅटलिस्टच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलून या ताकदीच्या इंजिनात आवाज बदलतो, गाडी पळण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. थोडक्यात, जिथे ताकद आहे तिथे कायदा आहे आणि जिथे मोकळीक वाटते तिथे ताकद नाही.

कायदाही नीट सांगायला हवा, कारण दुकानात तो 'पोलिसांनी पकडलं तर बघू' एवढाच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. कॅटलिस्ट काढल्यावर बीएस ४ पेट्रोल कारची पीयूसीची मर्यादा, म्हणजे आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, प्रामाणिकपणे पाळता येईल असे धरून चालू नये. मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो. दुकान तो दिवा सॉफ्टवेअरने विझवून देते, धूर विझवत नाही. आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून पाहतो तेव्हा न कळवलेला बदल क्लेमच्या आड येतो.

"नुसता मागचा सायलेन्सर बदलू, कॅटलिस्ट ठेवू. युरोपचा शिक्का असलेला," मालक म्हणाले. मागणी वाजवी होती. बदली सायलेन्सरसाठीचा तिकडचा शिक्का म्हणजे त्या मॉडेलवर आवाज तपासलेला असतो, रस्त्यावरच्या फॅब्रिकेटरच्या डब्यापेक्षा कितीतरी बरे. पण आपल्याकडे त्या शिक्क्याने कलम ५२ टळत नाही. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी कारला जाताना मोजलेल्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. डेसिबल साध्या बेरजेने चालत नाहीत, तीन वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट. 'थोडासा खुलवलेला' आवाज मर्यादेबाहेर जायला फार लागत नाही.

मग मी ड्रोनचा, म्हणजे केबिनमध्ये एकसुरी घुमणाऱ्या आवाजाचा, हिशेब काढला. मालक आठवड्याला पुणे करतात, म्हणजे हायवेवर एकाच वेगाने तासभर. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,३०० आवर्तनांवर फिरत असेल तर सेकंदाला ७७ स्फोट होतात, आणि बंद केबिनमध्ये ७७ हर्ट्झचा घुमारा कानापेक्षा छातीत बसतो. तो मारायला पाइपला एक बंद तोंडाची फांदी जोडतात, लांबी ध्वनीच्या तरंगाच्या पाव भागाएवढी. पाइपातल्या तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या पुढे असतो. फांदी लागते जवळजवळ दीड मीटर. आठ सिलिंडरच्या गाडीत त्याच आवर्तनांना कंपनसंख्या दुप्पट, म्हणून फांदी निम्मी. क्वाट्रो टीटीच्या पोटाखाली मधून प्रोपेलर शाफ्ट, मागे डिफरन्शियल आणि टाकी. दीड मीटरची मेलेली नळी कुठे बसवायची, हे रॅम्पखाली उभे राहून त्यांनाच विचारले. ते बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले, "नाही बसत."

शेवटी एक्झॉस्टवर झालेला खर्च दोन रबरी हँगरांचा. पाइप पत्र्यापासून सुटला आणि १,८०० आवर्तनांच्या आसपास येणारी किरकिर गेली. गंमत म्हणजे त्यामागे दडलेला मूळ एक्झॉस्टचा जाडसर सूर आता ऐकू येतो. खिडकी उघडी ठेवून खंबाटकी चढताना तर चांगलाच. मालकांच्या मते हे पुरेसे नाही.

वाचलेल्या पैशांतून चारही टायर एकाच कंपनीचे, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले घेतले. मागच्या मल्टिलिंक सस्पेन्शनला टो (चाके आत-बाहेर वळल्याचा कोन) आणि कँबर (चाकाचा उभा कल) जुळवता येतो; पुढे टो मिळतो, कँबरला फारशी जागा नाही. अलाइनमेंट टाकी अर्धी भरून आणि चालकाच्या सीटवर वजन ठेवून केली.

त्यानंतर तीच कासची फेरी, तोच केबल टाय, यावेळी उलट्या स्ट्रटच्या जाड नळीवर. टाय ३८ मिलिमीटरवर थांबला. उंची तीच, स्प्रिंग तीच, वाट तीच. पुलाच्या जोडांवर गाडी एकदाच दबते आणि जागेवर येते. ब्रेक मारून वळवताना नाक खाली जाते ते अजून जातेच, ते भौतिकशास्त्र आहे. पण वळणे आणि दबणे आता एकत्र होते. हळू वेगात मात्र छोटे खड्डे पूर्वीपेक्षा टोचतात. मोनोट्यूबचा तो खर्च आहे, आणि मालकांना आधीच सांगितला होता. साडेचार लाखांच्या निम्म्याहूनही कमी पैशांत काम उरकले.

मागचा अँटी-रोल बार, म्हणजे कलणे रोखणारी आडवी दांडी, तेवढा बाकी आहे. जाड बार घातला तर घट्ट वळणात मागचे अंग आणखी तत्पर होईल, ही त्यांची अपेक्षा बरोबर आहे. पण बार दोन्ही चाके एकमेकांना बांधतो, आणि एका बाजूला कडा खचलेल्या रस्त्यावर डाव्या चाकाचा दणका उजव्यालाही बसतो. नव्या टायरवर पुढची बाहेरची कड मागच्यापेक्षा लवकर झिजते का, ते येत्या पावसाळ्यानंतर नक्षीची खोली मोजून पाहायचे ठरले आहे. झिजली तर बार घालू.